परिषदेच्या पाहुण्यांना खाडी दाखवताना

परिषद म्हटली की काही गोष्टी ठरलेल्या असतात. उद्घाटनाचे दीपप्रज्वलन, समारोपाचे भोजन आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पाहुण्यांसाठी आखलेली अर्ध्या दिवसाची सहल. मुंबईत भरणाऱ्या परिषदांपुरते बोलायचे, तर ही सहल वर्षानुवर्षे गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लेणी आणि फार तर कुलाब्याची बाजारपेठ एवढ्यावर आटोपत असे. गेल्या काही वर्षांत तिच्यात निसर्गाची भर पडली आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांची नौकासफर, हाजी अली किंवा जुहूच्या किनाऱ्यावरील ओहोटीची फेरी, गोव्यात परिषद असेल तर पहाटेची डॉल्फिन सफर, असे पर्याय आता पाहुण्यांपुढे ठेवता येतात. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या विकास कार्यगटाच्या बैठकीसाठी मुंबईत आलेल्या प्रतिनिधींना राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांची सफर घडवण्यात आली. मे २०२३ मध्ये याच जी-२० च्या पर्यावरण कार्यगटाची बैठक मुंबईत झाली, तेव्हा कामकाजाचा आरंभच जुहूच्या किनाऱ्यावरील स्वच्छता मोहिमेने झाला. पाहुण्यांना किनाऱ्यावर नेणे हा आता केवळ करमणुकीचा भाग राहिलेला नाही. तो यजमान शहराच्या प्रतिमेचा भाग झाला आहे.

या बदलाचे स्वागत करावयास हवे, यात शंका नाही. तथापि या सहलींकडे केवळ आदरातिथ्याचा एक प्रकार म्हणून पाहणे पुरेसे ठरणार नाही. परिषदेचा पाहुणा हा साधा प्रवासी नसतो. तो बँकेचा अधिकारी असतो, बंदरांचा अभियंता असतो, विम्याचा तज्ज्ञ असतो किंवा एखाद्या सरकारचा सचिव असतो. पूल, बंदर, विमानतळ वा किनारी रस्ता यांचे आराखडे ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकतात, त्यांच्यापैकी काही जण या सहलीच्या बोटीत बसलेले असतात. ज्या खाडीविषयी त्यांनी अहवालांत वाचलेले असते, ती प्रत्यक्ष पाहण्याची त्यांच्या आयुष्यातील कदाचित हीच एक संधी असते. तीन तासांच्या या संधीचे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

भरावावरची सभागृहे

वांद्रे-कुर्ला संकुलातील भव्य परिषद केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यांचा ओघ तिकडे वळला. गोरेगावच्या प्रदर्शन संकुलात ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘इंडिया मेरिटाइम वीक’ हा सागरी व्यवसायाचा मोठा मेळावा भरला. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने पाहुण्यांना शहराचे दुसरे प्रवेशद्वारही मिळाले आहे. परिषद-पर्यटन वाढेल, ही अपेक्षा त्यामुळे अवाजवी म्हणता येणार नाही.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही आहे. ज्या वांद्रे-कुर्ला संकुलात या परिषदा भरतात, ते संकुलच मिठी नदीकाठच्या दलदलीवर आणि खाजणावर भराव घालून उभे राहिले. नदीच्या पलीकडे, धारावीच्या कडेला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ते एकेकाळच्या कचराभूमीवर झाडे वाढवून निर्माण केले गेले. म्हणजे निसर्गसहलीची बस ज्या दारातून निघते, तेथेच या शहराच्या किनाऱ्याचा निम्मा इतिहास उभा आहे. तो सांगण्यासाठी बोटीत बसण्याचीही गरज नाही. मात्र सहलीच्या माहितीपत्रकात या इतिहासाला सहसा जागा नसते. तेथे असतो तो पाण्यावर उतरलेला गुलाबी थवा.

हा थवा खोटा नाही. ठाणे खाडीच्या पश्चिम किनाऱ्यावरील १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ६५२१ हेक्टर क्षेत्राची ठाणे खाडी रामसर यादीत समाविष्ट झाली. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळवणारी ती महाराष्ट्रातील तिसरी पाणथळ जागा. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथे मोठा रोहित आणि छोटा रोहित अशा दोन्ही जातींचे पक्षी मुक्काम करतात. त्यांत संख्येने भर असतो तो छोट्या रोहितांचा, आणि हीच जात जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरची मानली जाते. दोन कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या महानगराच्या मधोमध असे दृश्य पाहावयास मिळणे ही अपूर्वाई आहे, हे पाहुण्यांना सांगण्यात काहीच गैर नाही.

तिथीचा हिशेब

अडचण सुरू होते ती वेळापत्रकापासून. परिषदेचे वेळापत्रक घड्याळाचे असते, तर खाडीचे वेळापत्रक चंद्राचे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणच्या किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. त्यानुसार पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. हे उधाणाचे दिवस. या दिवसांत पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस येतात. तेव्हा ओहोटी भर दुपारी असते खरी. पण पाणी फारसे उतरत नाही आणि खडक पुरते उघडे पडत नाहीत.

याचा अर्थ सरळ आहे. हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ, समुद्रफुले, समुद्री गोगलगायी आणि रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करणारे खेकडे पाहावयाचे असतील, तर उधाणाची ओहोटी गाठावी लागते. आणि ती येते पहाटेच्या न्याहारीपूर्वी किंवा सायंकाळच्या स्वागतसमारंभाच्या वेळी. परिषदेत मोकळा वेळ असतो तो दुपारी दोन ते पाच. या दोहोंची गाठ क्वचितच पडते. रोहित पक्ष्यांचेही तसेच. ओहोटीत चिखल उघडा पडला की हे पक्षी वाकडी चोच उलटी बुडवून त्यातील सूक्ष्म शेवाळे आणि जीव गाळून खातात. भरतीत चिखल बुडाला की नवी मुंबईच्या किनाऱ्यावरील तळ्यांकडे आणि उथळ पाणथळींकडे विसाव्याला जातात. बोट चालण्यासाठी पाणी हवे आणि पक्षी चरताना दिसण्यासाठी चिखल उघडा हवा. दोन्ही साधेल असा अवधी मोजक्याच तासांचा असतो, आणि तो रोज सरकतो.

सहल आखणाऱ्याला हे ठाऊक नसते किंवा ठाऊक असूनही कार्यक्रमपत्रिका आधीच छापून झालेली असते. मग पाहुणे येतात, बोट निघते, पक्षी दूर असतात. नेमक्या याच क्षणी सहलीचे रूपांतर उपद्रवात होण्यास सुरुवात होते.

अंतर आणि बक्षिसी

दुरून आलेल्या, उद्या विमानाने परतणाऱ्या आणि हाती महागडा कॅमेरा असलेल्या पाहुण्याला ‘आज जवळ जाता येणार नाही’ असे सांगणे सोपे नसते. बोट चालवणाऱ्याची मिळकत बक्षिसीवर अवलंबून असेल तर ते अधिकच अवघड. बोट थोडी पुढे सरकते, थवा उडतो, छायाचित्र अप्रतिम येते आणि सर्वांना समाधान वाटते. पक्ष्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागते. ओहोटीच्या थोड्या तासांत जेवढे खाता येईल तेवढे खाऊन घेणे हा त्यांच्या दिनक्रमाचा गाभा असतो. प्रत्येक अनावश्यक उड्डाण म्हणजे खाण्याचा वेळ गेला आणि साठवलेली शक्ती खर्च झाली. एका बोटीने काही बिघडत नाही, हा युक्तिवाद एका बोटीपुरता खरा असतो. हंगामभर रोज येणाऱ्या बोटींना तो लागू पडत नाही.

गोव्यात ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ ही तेथील सफरींची परिचित जाहिरात आहे. ग्राहकाला ती प्रामाणिक वाटते. प्रत्यक्षात ती बोटवाल्याला डॉल्फिनचा पाठलाग करण्यास भाग पाडणारी अट आहे. किनाऱ्यालगत दिसणारा हा हंपबॅक डॉल्फिन आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. तो उथळ पाण्यात, किनाऱ्याच्या अगदी जवळ राहतो. म्हणूनच तो पर्यटकांना सहज सापडतो, आणि म्हणूनच इंजिनांच्या आवाजापासून त्याची सुटका नसते. चार बाजूंनी चार बोटी आणि मध्ये पिलासह डॉल्फिन, हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना दर्शनाची हमी म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. तेथे येणारा पर्यटक गावातल्या घरांत उतरतो, घरचेच जेवतो आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन वाट पाहतो. पिल्ले घरट्यातून बाहेर आली तर ती समुद्राकडे जाताना दिसतात. नाही आली तर पर्यटक मोदक खाऊन परततो. दर्शनाची हमी कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. तरीही पर्यटक येतात, आणि वेळासच्या वाटेवर आंजर्ल्यासारखी इतर गावेही चालू लागली. हमी नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही, या समजुतीला वेळासने दिलेले हे उत्तर आहे.

यजमान कोण?

वेळासचा धडा केवळ कासवांपुरता नाही. तेथे यजमान गाव आहे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली, तेथेही यजमान स्थानिक स्त्रियाच आहेत. वल्ही त्यांच्या हातात, माहिती त्यांच्या तोंडून आणि उत्पन्नही त्यांच्याच गटाचे. कांदळ आणि तिवर यांतला फरक, चिखलावर उड्या मारणारी निवटी, चिंबोरीची बिळे हे सारे त्यांच्या रोजच्या जगण्यातले आहे. पाहुण्यासाठी तो अभ्यासाचा विषय असेल. त्यांच्यासाठी तो स्वयंपाकघराचा विषय आहे.

मुंबईत हे चित्र अद्याप अपुरे आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, ही देशातील मोठी सुधारणा होती. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले आणि तेथून सामान्य नागरिकालाही रोहित पाहण्यासाठी बोटीने जाता येऊ लागले. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७ पासून शहराच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या घडवून, मुंबईच्या समुद्रात कचऱ्याखेरीजही काही आहे, हे हजारो मुंबईकरांना दाखवून दिले. एवढा पाया असताना परिषदेच्या सहलीचे कंत्राट मात्र बहुधा एखाद्या समारंभ व्यवस्थापन कंपनीकडे जाते. खाडीकाठच्या ऐरोली, घणसोली वा ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांचा त्यातला वाटा फार तर बोटीच्या भाड्याएवढा राहतो.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, तर ज्ञानाचाही आहे. ठाणे खाडीत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी किती आले, हे प्रदूषण मंडळाच्या तक्त्यांत सापडते. पण त्यामुळे जाळ्यात कोणती मासळी येईनाशी झाली, हे कोळीच सांगू शकतो. कोणत्या वाहिनीत गाळ साचला, पूल बांधल्यानंतर प्रवाह कुठून वळला, रोहित पूर्वी कुठे उतरत आणि आता कुठे उतरतात, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या आठवणीत असतात. पाहुण्यांच्या बोटीत तो केवळ सुकाणू धरून बसणार असेल आणि बोलण्याचे काम पाठ केलेली माहिती सांगणाऱ्या दुसऱ्याच कोणाकडे असेल, तर खाडीचा खरा जाणकार मुका ठेवून खाडी दाखवल्यासारखे होईल.

काय दाखवायचे, काय झाकायचे

सर्वांत अवघड मुद्दा शेवटचा आहे. पाहुण्याला घराचा दिवाणखाना दाखवावा, मोरी दाखवू नये, ही आपली जुनी रीत. परंतु किनाऱ्याच्या बाबतीत ही रीत पाळली तर सहलीचा अर्थच उरत नाही. रोहित ज्या चिखलावर चरतात, तेथेच शहराचे सांडपाणी येऊन मिळते. ज्या शिवडीच्या चिखलपट्टीने मुंबईकरांना रोहितांची ओळख करून दिली, तेथूनच जानेवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू निघतो. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. त्याच उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्याने पाणी आटले आणि तेथेही पक्षी दगावले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये हा तलाव संवर्धन राखीव करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली, ती याच घटनांच्या पार्श्वभूमीवर आणि नागरिकांच्या पाठपुराव्यामुळे.

सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सार्वजनिक हिताचे कारण मान्य करून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे वीस हजार कांदळवृक्ष तोडण्यास परवानगी दिली. किनारी रस्त्याच्या कामापूर्वी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती उचलून अन्यत्र हलवण्यात आल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाला जे स्थान आहे तेच प्रवाळाला आहे, हे अनेकांना त्या निमित्ताने प्रथम कळले. या साऱ्या निर्णयांच्या बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखे पुष्कळ आहे. विकासाची निकड नाकारता येत नाही, आणि प्रत्येक पूल हा निसर्गाचा शत्रू नसतो. पण हा ताणच या किनाऱ्याचे वास्तव आहे. तो झाकून दाखवलेली खाडी म्हणजे नुसता पडदा.

विशेषतः जे पाहुणे किनाऱ्याविषयीच चर्चा करण्यासाठी येतात, त्यांच्याबाबत हे अधिकच खरे आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मान्यता दिली; ७६ हजार २२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प असून त्यात १४४८ हेक्टर भराव अपेक्षित आहे. स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. सागरी व्यवसायाच्या मेळाव्याला आलेल्या गुंतवणूकदारांना उधाणाच्या ओहोटीत डहाणूच्या खडकाळ किनाऱ्यावर नेले, शंख-शिंपले वेचणाऱ्या स्त्रियांशी आणि मच्छीमारांशी बोलू दिले, तर ती सहल सभागृहातील चार परिसंवादांपेक्षा अधिक शिकवून जाईल. मते बदलतील असे नाही. पण ज्याविषयी निर्णय घ्यावयाचा ते पाहिलेले तरी असेल.

जुहूच्या स्वच्छता मोहिमेकडेही याच दृष्टीने पाहता येईल. परदेशी प्रतिनिधींच्या हाती हातमोजे आणि पिशव्या देणे, हा संदेश चांगला आहे. पण किनाऱ्यावर कचरा आहे, एवढेच कळून पुरत नाही. त्या कचऱ्याखाली, वाळूत आणि खडकांच्या खळग्यांत काय जगते आहे, हे कळल्याविना स्वच्छता केवळ नेटकेपणाची गोष्ट राहते. किनारा स्वच्छ हवा तो आपल्याला फिरायला बरे वाटावे म्हणून, की तेथे राहणाऱ्यांना जगता यावे म्हणून, या दोन उत्तरांत मोठे अंतर आहे.

थोड्या अटी

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. परिषदेची कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा आणि सहलीची वेळ त्यावरून ठरवावी. प्रसंगी भाषण हलवावे, ओहोटी हलत नाही. दर्शनाची हमी देऊ नये आणि तसे पाहुण्यांना आधीच सांगावे. बोटवाल्याचा मोबदला ठरलेला आणि पुरेसा असावा, म्हणजे तो बक्षिसीसाठी थव्यात बोट घालणार नाही. अंतराचा नियम बोट सुटण्यापूर्वी सांगितला जावा आणि तो मंत्र्यालाही लागू असावा. बोलण्याचा मान खाडीकाठच्या माणसाला मिळावा. पाहुण्यांची भाषा त्याला येत नसेल तर दुभाषा द्यावा. सभागृहात चार भाषांचे दुभाषे बसवणाऱ्या आयोजकांना हे जड नाही. आणि सहलीच्या खर्चातील निश्चित हिस्सा खाडीच्या देखभालीसाठी जावा.

या अटी पाळल्या तर काही सहली कमी होतील, काही पहाटे पाचला निघतील आणि काही पाहुणे रोहित न पाहताच परततील. त्याने शहराची प्रतिमा डागाळेल असे मानण्याचे कारण नाही. ‘आज पाणी नाही, म्हणून बोट नाही’ असे सांगणारे शहर पाहुण्याच्या नजरेत उतरत नाही. उलट येथे खाडीला विचारून कामे होतात, अशी त्याची समजूत होण्याचा संभव आहे. ती समजूत खरी ठरवण्याची जबाबदारी मात्र पाहुणे परतल्यानंतर सुरू होते, आणि ती यजमानांची आहे.